वीस गोळ्या, वीस किलोमीटर आणि एका मिनिटाचा दंड

इयत्ता : चौथी-पाचवी. विषय : गणित. घटक : कालमापन.



आधी एक कबुली देतो. माझ्या वर्गात गेली काही वर्षं एक पद्धत होती. फळ्यावर दहा गणितं द्यायची आणि जो सगळ्यात आधी "सर, झालं!" म्हणून वही आणेल त्याच्या नावापुढे भिंतीवरच्या तक्त्यात चांदणी चिकटवायची. मुलं जोमात सोडवायची, वर्ग शांत राहायचा, मलाही बरं वाटायचं. मागच्या हिवाळ्यात एक दिवस वह्या घरी नेल्या आणि निवांत तपासल्या. चांदणीवाल्या मुलाची दहापैकी चार बरोबर. आणि मागच्या रांगेतली एक मुलगी, जी बोटं मोजत बसते आणि घंटा झाली की अर्धीच वही देते, तिची सहा सोडवलेली आणि सहाही बरोबर! त्या मुलीला वर्षभरात एकही चांदणी नव्हती. तिची आई पालकसभेत मला म्हणाली होती, "तिले गणित जमतच नाही जी सर." आणि मी मान डोलावली होती. हे लिहायला आजही जड जातं.

आता हे कसं दुरुस्त करावं? वर्गात उभं राहून "घाई करू नका, नीट सोडवा" असं मी शंभर वेळा सांगितलंय, तुम्हीही सांगितलं असेल. त्याने काही होत नाही. मला असा एक खेळ हवा होता ज्यात वेग आणि अचूकपणा दोन्ही मोजतात, आणि दोन्हींची किंमत आकड्यात सांगता येते. तो सापडला बर्फात!

बायथलॉन हा हिवाळी ऑलिम्पिकमधला खेळ. पायांना लांब पट्ट्या बांधून (त्यांना स्की म्हणतात), हातातल्या दोन काठ्यांनी जोर देत बर्फावरून घसरत पळायचं. पाठीवर कमीत कमी साडेतीन किलोची रायफल. पळता पळता थांबायचं, श्वास आवरायचा आणि निशाणा साधायचा. पुन्हा रायफल पाठीवर, पुन्हा पळायचं. थंड मुलखातले शिकारी आणि सीमेवरचे सैनिक असंच फिरायचे, त्यातून हा खेळ आला.

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मुलांनी बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर नाहीतर गारपिटीत. मी सांगायला लागलो तर एकाने विचारलं, "सर, गारा पडल्यावर पळतात का थे?" दुसरा म्हणाला, "मंग हरभऱ्याचं काय होते?" शेतकऱ्याचं लेकरू, त्याला आधी पीकच आठवणार. मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवला तेव्हा कुठे बर्फाचं मैदान डोळ्यांपुढे आलं.

नेमबाजी मात्र त्यांना अगदी परकी नव्हती. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं, तो फोटो आमच्या बातमीफलकावर लावला होता. (त्याचे वडील शिक्षक, हे मी मुद्दाम सांगतो. आपल्याला तेवढंच!) बायथलॉनमध्येही निशाणा ५० मीटरवरच असतो आणि गोळीही त्याच लहान मापाची, पॉइंट टू टू. फरक असा की स्वप्नील शांतपणे एका जागी उभा राहतो, गुडघ्यावर बसतो, पालथा झोपतो. बायथलॉनवाला चार किलोमीटर पळून धापा टाकत येतो आणि छाती धडधडत असताना नेम धरतो.

आता आपल्या उपयोगाची शर्यत. तिला 'वैयक्तिक' शर्यत म्हणतात. पुरुषांसाठी २० किलोमीटर. चार-चार किलोमीटरच्या पाच फेऱ्या, आणि प्रत्येक दोन फेऱ्यांच्या मध्ये एकदा नेमबाजी, म्हणजे चार वेळा. पाच फेऱ्या आणि थांबे चारच का, हे मुलांना विचारून पाहा. पाच खांबांमध्ये चार अंतरं, हा तोच मुद्दा. दर वेळी पाच गोळ्या. पहिल्यांदा झोपून, मग उभं राहून, पुन्हा झोपून, पुन्हा उभं राहून. झोपून मारताना लक्ष्य ४५ मिलिमीटर रुंद, उभं राहून ११५ मिलिमीटर. मी पट्टीने मोजून दोन्ही वर्तुळं फळ्यावर काढली. पन्नास मीटर म्हणजे शाळेच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीच्याही पलीकडे! मुलं फाटकातून एक डोळा मिटून फळ्याकडे पाहत होती.

आणि आता दंड. बायथलॉनच्या दुसऱ्या काही शर्यतींत गोळी चुकली की १५० मीटरची जादा फेरी मारावी लागते. वैयक्तिक शर्यतीत तसं नाही. इथे एक गोळी चुकली की तुमच्या वेळेत सरळ एक मिनिट मिळवतात. शिवाय सगळे एकदम सुटत नाहीत, तीस-तीस सेकंदांच्या अंतराने सुटतात. त्यामुळे शेवटच्या रेषेवर जो आधी आला तो जिंकला असं होत नाही. हे वाक्य मी वर्गात दोनदा म्हटलं आणि माझं मलाच हसू आलं, कारण मागे भिंतीवर चांदण्यांचा तक्ता होता.

इथेच पहिलं गणित द्या. चाळिसाव्या क्रमांकाचा खेळाडू पहिल्याच्या किती वेळाने सुटेल? बहुतेक मुलं ४० गुणिले ३० करतात. पुन्हा खांबच! अंतरं ३९, म्हणून ११७० सेकंद, म्हणजे १९ मिनिटं ३० सेकंद.

मग खरी शर्यत घ्या. १५ फेब्रुवारी २०१८, दक्षिण कोरियातलं प्याँगचांग. फळ्यावर एवढंच लिहिलं :

योहानेस बो (नॉर्वे) – ४८ मिनिटे ०३.८ सेकंद – २ गोळ्या चुकल्या
याकोव्ह फाक (स्लोव्हेनिया) – ४८ मिनिटे ०९.३ सेकंद – एकही चूक नाही
डोमिनिक लांडरटिंगर (ऑस्ट्रिया) – ४८ मिनिटे १८.० सेकंद – एकही चूक नाही

दंड यात धरलेला आहे. सुवर्णपदक बोला, फक्त साडेपाच सेकंदांनी. फ्रान्सचा नावाजलेला मार्टिन फूरकाद त्या दिवशी जिंकेल असं वाटत होतं. शेवटच्या नेमबाजीत, उभं राहून मारताना, त्याच्या दोन गोळ्या चुकल्या आणि तो पाचवा आला.

मुलं लगेच ओरडली, "सर, हे तं उलटंच झालं! चुकला थो जिंकला!" हाच क्षण पकडायचा. दंड काढून टाका म्हटलं, मग सांगा कोण किती वेळात आला. बोचे ४६ मिनिटे ०३.८ सेकंद निघतात. म्हणजे तो फाकपेक्षा २ मिनिटं ५.५ सेकंद वेगवान होता, म्हणून दोन मिनिटांचा दंड त्याला सोसला. आणि एक गोळी आणखी चुकली असती तर? कागदावर करू द्या. मुलांना स्वतःच दिसतं की पदकच गेलं असतं.

त्याच दिवशी तिथे महिलांची १५ किलोमीटरची वैयक्तिक शर्यतही झाली. स्वीडनच्या हाना ओबर्गने वीसच्या वीस गोळ्या लावून सुवर्ण मिळवलं. "पोरी नसतात का त्याच्यात?" हा प्रश्न येतोच, तेव्हा हे हाताशी ठेवा. ऑलिम्पिकमध्ये महिलांचं बायथलॉन १९९२ पासून आहे.

आता मागे जा, १९६० ला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात स्क्वॉ व्हॅली नावाच्या ठिकाणी बायथलॉन पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये खेळलं गेलं. तेव्हा ही एकच शर्यत होती, पुरुषांची २० किलोमीटर, आणि एका चुकीला दंड होता दोन मिनिटं. फ्रान्सचा व्हिक्टर आर्बे पळण्यात सगळ्यात वेगवान ठरला, पण त्याच्या वीसपैकी अठरा गोळ्या चुकल्या. छत्तीस मिनिटांचा दंड! तो पंचविसावा आला. आणि स्वीडनचा क्लास लेस्टांडर, जो पळण्यात तीस जणांत पंधरावा होता, त्याने वीसही गोळ्या लावल्या आणि सुवर्णपदक नेलं.

हे सांगितल्यावर मागच्या रांगेतून हळूच आवाज आला, "पंधरावा?" तीच मुलगी. म्हटलं, हो, पंधरावा.

मग मी हे गणित दिलं : २०१८ ला १९६० चा दंड लावला असता तर कोण जिंकलं असतं? बोचे ५० मिनिटे ०३.८ सेकंद होतात, फाक पहिला, लांडरटिंगर दुसरा. तेच खेळाडू, तेवढंच पळणं, त्याच गोळ्या, फक्त नियम बदलला आणि नंबर बदलले. मोठ्या माणसांनीही यावर जरा थांबावं असं आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही मैदानावर खेळलो. बर्फ नाही, बंदूक नाही. पाच रिकाम्या पाण्याच्या बाटल्या, तळाला थोडी वाळू, आणि चिंध्यांचे पाच चेंडू. मैदानाच्या तीन फेऱ्या, मध्ये दोनदा थांबा, सहा पावलांवरून एकदा बसून आणि एकदा उभं राहून पाच-पाच चेंडू मारायचे. लगोरी खेळणारी पोरं, नेम तसा वाईट नसतो. पण पळून आल्यावर तोच हात कसा थरथरतो ते बघण्यासारखं आहे. वेळ मोबाइलवर मी घेतली. मुलांना गटागटाने सोडा, नाहीतर बाटल्या उभ्या करण्यातच तास जातो. आमचा पहिला तास असाच गेला.

दंड किती ठेवायचा यावर जी चर्चा झाली ती मला पूर्ण पाठातला सगळ्यात चांगला भाग वाटते. आधी खऱ्यासारखा एक मिनिट ठेवला. झालं काय, कोणी पळेचना! सगळे फिरायला आल्यासारखे चालत येऊन नेम धरत बसले, कारण आमची अख्खी फेरीच पाऊण मिनिटाची. मग एकाने सुचवलं दोन सेकंद. तेव्हा उलटं झालं, न बघताच चेंडू भिरकावून पळायला लागले. शेवटी मुलांनीच दहा सेकंद ठरवले. दंड जास्त झाला की माणूस भितो, कमी झाला की बेफिकीर होतो, हे त्यांनी पायांनी शिकलं.

आता त्या दोघांची गोष्ट. चांदणीवाला मुलगा पळण्यात पहिला, २ मिनिटं ५८ सेकंद, पण दहापैकी सात चेंडू चुकले. ती मुलगी ३ मिनिटं ५२ सेकंद, चुकला एक. वर्गात येऊन हिशोब सुरू झाला. त्याने लिहिलं २.५८ अधिक ०.७०, उत्तर ३.२८. तिची वेळही त्यानेच केली, ३.५२ अधिक ०.१०, म्हणजे ३.६२. "सर, मीच पयला!"

ही चूक तुमच्याही वर्गात असेल. मुलं वेळेला दशांश अपूर्णांक समजतात. बस ९:३५ ला निघाली आणि १०:१० ला पोचली तर पाऊण तास लागला म्हणतात, कारण १०.१० वजा ९.३५ बरोबर ०.७५. हातचा शंभराचा घेतात. मी खडू उचलणार तेवढ्यात ती म्हणाली, "मिनिट शंभराचा नसते, साठाचा असते." आणि फळ्याजवळ आली. अठ्ठावन्न आणि सत्तर, एकशे अठ्ठावीस. त्यातून एकशे वीस काढले, दोन मिनिटं झाली, उरले आठ. म्हणजे त्याचे ४ मिनिटं ८ सेकंद. आणि तिचे बावन्न आणि दहा, बासष्ट, म्हणजे ४ मिनिटं २ सेकंद. बोटांवरच मोजलं, वेळ लागला, कोणी मध्ये बोललं नाही. सहा सेकंदांनी ती पुढे. तो मुलगा क्षणभर फळ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "हाव, बरोबर आहे," आणि वहीत खोडून लिहायला लागला. मला त्याचंही कौतुक वाटलं.

एक सावधगिरी सांगतो. हे पाहून लेखी चाचणीत चुकीला गुण कापायचा मोह होईल, मलाही झाला. एकदा करून पाहिलं आणि बंद केलं. भित्री मुलं येत असलेली गणितंही कोरी सोडायला लागली. मैदानावर बाटली चुकली तर पोरं हसतात आणि पुन्हा मारतात, कागदावर तसं होत नाही.

चांदण्यांचा तक्ता काढला. आता वही कधी दिली ते न बघता, सोडवलेल्यांपैकी किती बरोबर हे मूल स्वतः वरच्या कोपऱ्यात लिहितं. पालकांनो, घरी "किती वेळात झालं?" याआधी तेवढा कोपरा बघा.

पण वेग नकोच असंही नाही. फाकची एकही गोळी चुकली नाही तरी तो साडेपाच सेकंदांनी मागे राहिलाच ना! त्या मुलीच्या आईला मी शाळेत बोलावलं. सांगितलं, तिला गणित जमतं, मागच्या वेळी मीच चुकलो होतो. फक्त सहा ते बाराचे पाढे पक्के नाहीत म्हणून बोटं मोजावी लागतात. आई हरभरा सोंगायच्या घाईत होती, पदराने हात पुसत म्हणाली, "म्हणजे पाढे म्हणून घेतले की झालं?" म्हटलं, रोज दहा मिनिटं, तेवढंच.

बाटल्या अजून वर्गाच्या कोपऱ्यात आहेत. सध्या चौथीची मुलं भांडतायत की आम्ही लहान, आमचे हात लहान, आम्हाला दंड पाचच सेकंद हवा. मी म्हटलं, दोन्ही दंड लावून मागच्या शनिवारचे निकाल पुन्हा काढा आणि कोणाचा नंबर बदलतो ते मला दाखवा. अजून काम चालू आहे.