चार फुटी टाकी घेण्याआधी

रत्नागिरी
12 मार्च

चि. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि टाकीचे फोटो मिळाले. लेदर कोरल चांगलंच पसरलंय, आणि क्लाउन माशांची जोडी रात्री त्याच्याच कुशीत शिरते हे वाचून फार बरं वाटलं. 65 लिटरच्या टाकीत खारं पाणी सांभाळणं सोपं नसतं, ते तू ठाण्याच्या उन्हाळ्यात करून दाखवलंस. आता तू विचारतेस की दोन फुटीवरून चार फुटीवर जाऊ का. तू हा प्रश्न टाकी बुक करण्याआधी विचारलास, याचं मला विशेष कौतुक आहे.

माझं मत आधी सांगतो, कारणं नंतर. चार फुटी घेऊ नकोस. घ्यायचीच तर तीन फुटी घे, तीही पाऊस सुरू झाल्यावर. आणि निळा टँग मनातून काढून टाक.

टँगपासूनच सुरुवात करतो, कारण तुझ्या पत्राची चार पानं वाचली तरी चार फुटी टाकीचं खरं कारण तो मासाच आहे. दुकानात तुला दिसला तो दोन-अडीच इंचांचा असणार. तोच पूर्ण वाढला की 30 सेंटिमीटरच्या आसपास जातो. प्रवाळखडकांच्या बाहेरच्या उतारावर, जोरदार प्रवाहात दिवसभर पोहणारा मासा आहे तो. 120 सेंटिमीटरची काच म्हणजे त्याच्या अंगाच्या चौपट लांबी. चार शेपट्या मारल्या की समोर काच, पुन्हा वळ, पुन्हा काच. अनुभवी लोक त्याच्यासाठी सहा फुटांच्या खाली टाकी सांगत नाहीत, आणि मला तीही लहानच वाटते. शिवाय हा मासा बंदिस्त पाण्यात पहिल्यांदा वाढवला गेला तो 2016 मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. बाजारात येणारे बहुतेक टँग अजूनही समुद्रातून पकडलेले असतात. तुझे क्लाउन मात्र पैदाशीचे आहेत. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेनं क्लाउनची पैदास चांगली बसवली आहे, आणि त्या जोडीला जेमतेम फूटभर जागा आपली म्हणून पुरते.

म्हणजे ज्या माशासाठी चार फुटी हवी, त्याला चार फुटीही पुरत नाही. आणि तो मासा बाजूला ठेवला की चार फुटीची गरजच उरत नाही. टाकी ठरवताना आधी प्राणी ठरवावेत, मग काच. तू उलट बाजूनं निघालीस, कारण टाकीचा फोटो आधी आवडला. त्यात तुझी काही चूक नाही, सगळेच तसे निघतात.

आता तू लिहिलेला मुख्य मुद्दा: ‘मोठं पाणी स्थिर राहतं.’ हे खरं आहे, पण जितकं सांगितलं जातं तितकं नाही. एखादा मासा दगडामागे मेला, खाणं जास्त पडलं, तर मोठ्या टाकीत अमोनिया पातळ होतो, तुला सावरायला वेळ मिळतो. हा फायदा मोठा आहे. पण पाणी उडतं ते पृष्ठभागातून, लिटरमधून नव्हे. तुझ्या टाकीचा पृष्ठभाग 60 बाय 30 सेंटिमीटर. चार फुटीचा 120 बाय 60, म्हणजे चौपट. तेव्हा मे महिन्यात तुला आत्ताच्या टाकीत रोज लिटरभर गोडं पाणी घालावं लागत असेल, तर तिथे चार लिटर लागेल. पाणी साडेसहापट झाल्यामुळे क्षारता हळू चढेल, हे बरोबर. पण चढेलच. आणि दुसरी गोष्ट मी खूप घरांत पाहिली आहे. पाणी वाढलं की माणूस कोरलही वाढवतो, मासेही वाढवतो, आणि मिळालेली सगळी सवलत वर्षभरात खर्च करून टाकतो. मग मोठ्या टाकीत तीच घाई, फक्त मोठ्या आकड्यांची.

वजनाचं मी सांगणारच, आयुष्य आरसीसीच्या डिझाइनमध्ये गेलं. 120 बाय 60 बाय 60 सेंटिमीटर म्हणजे 432 लिटर. खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड, म्हणून 440 किलोच्या वर. 12 मिलिमीटर काच धरली तर तिचेच 85 किलो. दगड, वाळू, स्टँड, खालची संपची टाकी भरलेली: सगळं मिळून 700 किलोच्या घरात जातं, आणि तेही पाऊण चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. राहत्या खोलीसाठी आयएस 875 या मानकात चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो, हा चल भार धरतात. तुझी टाकी त्या चौकोनावर जवळपास पाचपट भार टाकेल. घाबरू नकोस. पूर्ण खोलीचा विचार केला तर एवढ्यानं स्लॅब पडत नाही. पण माणसं येतात आणि जातात, टाकी मात्र दहा वर्षं तिथेच उभी राहते, आणि सतत भार असला की काँक्रीट वर्षानुवर्षं हळूहळू वाकत जातं. म्हणून जागा महत्त्वाची. हॉलच्या मधोमध नको. गॅलरीत तर अजिबात नको, ती बाहेर काढलेली असते. तुमच्या हॉलच्या बाहेरच्या भिंतीखाली बीम असणार, तिथे कॉलमच्या जवळ, भिंतीला समांतर. तीन फुटीचं, म्हणजे 90 बाय 45 बाय 45 चं, सगळं मिळून वजन 300 किलोच्या आसपास जाईल, आणि ते तिथे मी निश्चिंतपणे ठेवू देईन. चार फुटी असती तर सोसायटीकडून आरसीसी ड्रॉइंग काढून आणल्याशिवाय हो म्हटलं नसतं.

पण मुग्धा, या सगळ्यापेक्षा मला काळजी आहे ती तुझ्या आईची. तू महिन्यातला आठवडा बंगळुरूला असतेस. तेव्हा उडालेल्या पाण्याचा टॉप-अप कोण करतं? स्किमरचा कप कोण रिकामा करतं? ताई मला फोनवर कधी तक्रार करत नाही. पण मागच्या खेपेला मी तुमच्याकडे होतो तेव्हा ती गुडघ्यावर हात टेकून स्टँडखाली वाकताना मी पाहिली. तिला ते मासे आवडतात, त्यांना ती नावानं हाक मारते, म्हणून ती कधीच नाही म्हणणार नाही. हिशेब बघ. चार फुटीत आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं म्हणजे 43 लिटर, दोन बादल्यांहून जास्त. त्यात दीड किलो मीठ. रोजच्या टॉप-अपचं आठवड्याचं 28-30 लिटर वेगळं. हे सगळं पाणी आरओ-डीआय यंत्रातून शुद्ध केलेलं, आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-एक लिटर वाया जातं. आठवड्याला दोनशे लिटरच्या वर पाणी मोरीत. मे महिन्यात सोसायटीत टँकर येत असताना हे मला पटत नाही, तुलाही पटू नये. फेकायचं पाणी फरशीला आणि फ्लशला वापरलं तरी ते उचलून नेणार कोण, हा प्रश्न परत तिथेच येतो. तीन फुटीत आठवड्याचं बदलायचं पाणी एका बादलीत मावतं. ती बादली तू शनिवारी स्वतः उचलू शकतेस, आणि एखादा शनिवार चुकला तर काही बिघडत नाही.

म्हणून एक कर. आजपासून मेअखेरपर्यंत एक वही ठेव. रोज किती पाणी घातलं, संध्याकाळचं तापमान किती, क्षारता किती, आणि शेवटच्या रकान्यात ते काम कुणी केलं त्याचं नाव. हा रकाना सगळ्यात नीट भर. त्यात अर्ध्याहून जास्त ठिकाणी ‘आई’ आलं, तर तीन फुटीसुद्धा घेऊ नकोस. आहे ती टाकी तशीच ठेव, तिच्यात काही कमी नाही. टॉप-अपसाठी सेन्सरवालं यंत्र आधी आण, त्याचा पाण्याचा डबा आठवडाभर पुरेल एवढा घे, आणि बंगळुरूच्या एका फेरीत ते कसं चालतं ते पाहा.

विजेबद्दल थोडक्यात. तुमची हवा दमट, त्यामुळे पाण्यावर पंखा लावून तापमान फारसं उतरत नाही. मोठ्या टाकीला चिलर लागणारच. पंप, वेव्हमेकर, दिवे, स्किमर आणि चिलर मिळून सरासरी 300 वॅट धरले तर महिन्याला 216 युनिटं होतात, आणि महावितरणचं बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं. चिलर पाण्यातली उष्णता खोलीत सोडतो, म्हणजे हॉल आणखी तापतो. वीज गेली की इन्व्हर्टरवर चिलर ठेवू नकोस, एक वेव्हमेकर ठेव. पाणी हललं की प्राणवायू मिळतो, आणि पहिल्या काही तासांत तोच जीव वाचवतो.

आता कायद्याचं. हे मी तुला आधीही सांगितलं होतं, पण आता मोठ्या टाकीच्या नादात तू ॲक्रोपोरा या दगडी कोरलाचं नाव लिहिलंस, म्हणून परत. खडक बांधणारी सगळी दगडी कोरलं, समुद्री पंखे, काळी कोरलं, ऑर्गन पाइप आणि फायर कोरल हे सगळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ जिथे आहे तिथेच. समुद्रघोडाही तिथेच. 2022 च्या दुरुस्तीनंतर परदेशी संरक्षित जाती बाळगायच्या तर परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि दगडी कोरलं सगळीच आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आहेत. दुकानदार ‘इम्पोर्टेड आहे, काही होत नाही’ म्हणेल. त्याचं ऐकू नकोस, आणि नुसतं भीतीपोटी नव्हे. मालवणला पाण्यात तोंड घालून तू स्वतः पाहिलंयस ते कोरल काय आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, आपल्या किनाऱ्यासमोरचा मोठा प्रवाळखडक, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. 2024 मध्ये जगभरच्या प्रवाळांचं चौथं मोठं विरंजन जाहीर झालं. समुद्रात ते जीव उष्णतेनं पांढरे पडत असताना आपण त्यांचा तोडलेला तुकडा दिवाणखान्यात ठेवावा, हे मला सहन होत नाही. लाइव्ह रॉक म्हणून समुद्रातला दगडही घेऊ नकोस, कृत्रिम कोरडा दगड घे. लेदर, मशरूम, झोआ या बिनदगडी कोरलांत तुझं काम झकास चालतंय. तीन फूट लांबीत यांची सुंदर बाग होते, आणि कॅल्शियमच्या रोजच्या डोसिंगचा व्यापही फारसा राहत नाही.

झोआंवरून आठवलं. टाक्या बदलताना दगड घासशील तेव्हा हातमोजे आणि चष्मा घाल, आणि ते दगड कधीही उकळू नकोस, गरम पाण्यानं धुऊ नकोस. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं आणि वाफेतून गेलं तर माणूस दवाखान्यात पोहोचतो. ताईलाही हे सांगून ठेव.

वही भरून जून आला आणि तीन फुटी घ्यायचं ठरलं, तर घाई करू नकोस. नवी टाकी भर, 35 ची क्षारता आणि 25-26 अंश जुळव, जुन्यातला एक-दोन दगड आत टाक म्हणजे जिवाणू येतील, आणि अमोनिया-नायट्राइट शून्यावर येईपर्यंत महिना-दीड महिना थांब. जुनी वाळू नेऊ नकोस, तिच्यात वर्षभराचा गाळ असतो आणि ती उचलली की सगळा पाण्यात येतो. आधी कोरल हलव, शेवटी क्लाउन. जुनी दोन फुटी टाकी विकू नकोस. नवीन मासा आला की तो आधी तिथे ठेवायचा, खारपाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला तर तांब्याचं औषध तिथेच द्यायचं. रीफ टाकीत तांबं गेलं की कोरल आणि गोगलगाई दोन्ही संपतात.

आता हॉलचा नकाशा काढून पाठव. खिडक्या, कॉलम, मोरीपर्यंतचं अंतर आणि विजेचे पॉइंट कुठे ते मापांसकट दाखव, फुटात चालेल. गेल्या तीन महिन्यांची विजेची बिलंही त्यासोबत टाक. मी जागा ठरवून कळवतो. ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग. क्लाउननी अंडी घातली तर लगेच कळव, घातली तर त्या दगडाला हात लावू नकोस.

तुझा,
सुधामामा