‘म्हातारी’ला इंग्रजीत काय म्हणावे?

चैत्र-वैशाखात सावरीची बोंडे तडकतात आणि पांढरे तंतू वाऱ्यावर तरंगू लागतात. रुईचे बी आपल्या रेशमी झुपक्यासह उडू लागले, की मुले त्याला ‘म्हातारी’ म्हणतात. याच सुमारास ‘झाडाचा कापूस उडाला, की शिंका सुरू होतात’, अशी तक्रार घेऊन रुग्ण आपल्याकडे येतो. ती इंग्रजीत नोंदवताना मात्र लेखणी अडखळते. ‘कॉटन’ म्हणावे, तर सरकीचा कापूस डोळ्यांपुढे येतो. ‘पोलन’ लिहावे, तर निदानाचीच दिशा चुकते; कारण पोलन म्हणजे फुलातील पराग, आणि ही म्हातारी तर फळातून निघालेली.

इंग्रजी बोलीत अशा मऊ, हलक्या पदार्थास ‘फ्लफ’ म्हणतात. ‘डाउन’ हा मूळचा पक्ष्यांच्या मऊ पिसांचा शब्द वनस्पतींच्या लवीलाही लावतात. दातांच्या निगेमुळे परिचित असलेला ‘फ्लॉस’ हा शब्द रेशमाच्या न पिळलेल्या धाग्यांसाठी वापरला जातो. सावरीच्या तंतूंना तो शोभतो. पांढऱ्या सावरीच्या तंतूंस ‘कपोक’ हे मलायी भाषेतून आलेले नाव आहे.

वनस्पतिशास्त्र याहून काटेकोर आहे. रुई, कुडा, पॉप्लर यांच्या बीला चिकटलेल्या केसांच्या झुपक्यास ‘कोमा’ म्हणतात. हा शब्द वाचून डॉक्टरांनी दचकू नये! बेशुद्धीचा कोमा गाढ झोप या अर्थाच्या ग्रीक शब्दातून आला. हा कोमा केस या अर्थाच्या दुसऱ्या ग्रीक शब्दातून लॅटिनमार्गे आला. धूमकेतूचे ‘कॉमेट’ हे नावही त्याच कुळातले. मराठीनेही त्याला शेंडेनक्षत्र म्हटले आहे. सावरीचे तंतू मात्र बीवर नव्हे, तर बोंडाच्या आतील भिंतीवर उगवतात. म्हणून त्यांस कोमा म्हणणे योग्य नव्हे. सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पतींच्या फळांवरील पिसाऱ्यास ‘पॅपस’ म्हणतात. त्याचे मूळ असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ आजोबा. मराठी मुलांना त्या पांढऱ्या केसांत म्हातारी दिसली, ग्रीकांना म्हातारा दिसला, एवढाच फरक!

हा काथ्याकूट केवळ शब्दांचा नाही. काश्मीर खोऱ्यात ‘रशियन’ म्हणून ओळखला जाणारा पॉप्लर वस्तुतः उत्तर अमेरिकेतील आहे. त्याची नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. पराग नर झाडाचा, कापूस मादी झाडाचा. तरीही उडणारा कापूस म्हणजेच ॲलर्जी, या समजातून मादी झाडांवर रोष आला. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध आदेश दिले. २०२० मध्ये करोनाच्या भीतीने पुन्हा कुऱ्हाड चालली. ॲलर्जीचे मुख्य कारण असलेले सूक्ष्म पराग डोळ्यांना दिसत नाहीत. जे दिसते त्यावर आळ येतो. कापसाचा तंतू डोळ्यात वा नाकात गेल्यास चुरचुर होईल, त्यासोबत धूळ व परागही येतील. परंतु तो स्वतः पराग नव्हे. आपल्याकडेही वसंतात फुलणाऱ्या वावळाचे पराग ॲलर्जीचे प्रमुख कारण ठरतात, आणि वावळ तर कापूस उडवीतच नाही.

म्हणून केसपेपरावर ‘सीड फ्लफ’ असे साधे लिहावे. झाड ठाऊक असल्यास त्याचे नाव जोडावे. शिंका केव्हा सुरू झाल्या, घराजवळ त्या वेळी काय फुलले होते, उशी सावरीच्या जुन्या कापसाची आहे काय, हेही विचारावे. जुन्या उशीतील धुळीचे सूक्ष्म किडे हे शिंकांचे ठाऊक असलेले कारण आहे. एवढे विचारून मगच झाडाकडे बोट दाखवावे. अंगणातील सावर तोडून शिंका थांबल्या नाहीत, तर औषध बदलता येते. झाड परत आणता येत नाही.