कंबरेचा व्यायाम : शिकवणारा पारखून घ्या



बांधणी करून, मोळ्या उचलून कंबर धरली की शहरातली पोरं हल्ली सांगतात, “आबा, पिलाटीजच्या वर्गाला चला.” हा व्यायाम जर्मनीत १८८३ साली जन्मलेल्या जोसेफ पिलाटीज यांनी बसवला व पुढे न्यूयॉर्कमध्ये शिकवला. श्वासाच्या लयीत, सावकाश पोट-पाठीचे स्नायू बळकट करणे हे त्याचे सार.

मात्र २००० साली अमेरिकेतील न्यायालयाने हे नाव सर्वांना खुले ठरविले. म्हणजे पाटी कोणीही लावू शकतो! बेणे घेताना आपण नुसत्या नावावर जात नाही, बेणेमळा पाहतो. इथेही तसेच करावे.

१) प्रशिक्षण कुठे व किती तासांचे घेतले ते विचारा. पूर्ण प्रशिक्षण शेकडो तासांचे असते. दोन-चार दिवसांच्या शिबिराने शिक्षक तयार होत नाही.

२) जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवले आहे काय?

३) जुने दुखणे, शस्त्रक्रिया, रक्तदाब यांची चौकशी न करता जो व्यायामाला लावतो, त्याच्याकडे जाऊ नये.

४) पैसे भरण्याआधी एक वर्ग बसून बघा. प्रत्येकाची चूक जागेवर सुधारतो का, की नुसते आकडे मोजतो?

५) “गादी सरकलेली बरी करतो” अशी हमी देणाऱ्याला लांबूनच रामराम करा.

पायात मुंग्या येत असतील, बधिरपणा वाटत असेल, तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी