सरासरी मजुरी वाढली, आपली वाढली का?



मागच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "मजुरी वाढली वाढली म्हणतात, मग महिनाअखेरीला हातात काहीच कसं राहत नाही?" प्रश्न अगदी बरोबर आहे. म्हणून या वेळच्या पाठात मजुरीचा आकडा कसा वाचायचा ते पाहू.

१. आधी वर्षं पाहू

रोजगार हमीचा दर केंद्र सरकार राज्यासाठी ठरवतं आणि तो एप्रिलपासून लागू होतो. महाराष्ट्रातले काही वर्षांचे रोजचे दर असे:

२०१४-१५ : १६८ रुपये
२०१८-१९ : २०३ रुपये
२०१९-२० : २०६ रुपये
२०२०-२१ : २३८ रुपये
२०२४-२५ : २९७ रुपये

दहा वर्षांत १२९ रुपये वाढले. पण वाढ सारखी नाही. एका वर्षी फक्त ३ रुपये, तर पुढच्याच वर्षी ३२. म्हणून एकाच वर्षाचा आकडा पाहून खूश होऊ नका, नाराजही होऊ नका.

आता हीच मजुरी डाळीत मोजा. समजा तेव्हा तूरडाळ ८० रुपये किलो होती. १६८ रुपयांत दोन किलो येऊन थोडे पैसे उरत. २०२४-२५ मध्ये समजा ती १६० रुपये झाली. तर २९७ रुपयांत दोन किलोही येत नाही. रुपये वाढले, डाळ कमी झाली. तुमच्या बाजारातला भाव घालून हे गणित घरी करून बघा.

२. मग गाव पाहू

रोजगार हमीचा दर राज्यभर एकच असतो. शेतमजुरीचं तसं नसतं. नाशिक जिल्हाच घ्या. दिंडोरी-निफाडकडे पाणी आहे, द्राक्षबागा आहेत, हंगामात माणूस कमी पडतो. सुरगाणा-पेठकडे भात-नागली पावसावरची. ती निघाली की गावात काम उरत नाही, म्हणून तिथली कुटुंबं बागांच्या कामाला खाली उतरतात. जिथे कामाला माणूस मिळत नाही तिथे मजुरी चढते, जिथे माणसाला काम मिळत नाही तिथे ती पडून राहते. जिल्ह्याची एकच सरासरी काढली, तर हा फरक झाकला जातो.

३. शेवटी माणूस पाहू

हे सगळ्यात महत्त्वाचं. समजा एका शेतात दहा मजूर आहेत. ४ पुरुषांना ४०० आणि ६ बायांना २५० रुपये रोज. एकूण ३१००, सरासरी ३१०. पुढच्या वर्षी पुरुषांना ४५० झाले, बायांचे २५०च राहिले. एकूण ३३००, सरासरी ३३०. कागदावर मजुरी २० रुपयांनी वाढली. बाईच्या हातात मात्र एक रुपयाही जास्त आला नाही!

सारख्या कामाला बाई-पुरुषांना सारखी मजुरी, हा कायदा १९७६ साली झाला. २०१९ च्या वेतन संहितेतही तेच आहे. रोजगार हमीवर दर दोघांनाही एकच असतो. शेतावर मात्र "बायांचं काम हलकं" असं म्हणून कमी देतात. दिवसभर वाकून निंदणी करणारीला विचारा, हलकं म्हणजे काय ते!

बैठकीत करायचं काम

गटाच्या वहीत एक पान मजुरीसाठी ठेवा. दर महिन्याला लिहा: कोणतं काम, किती तास, बाईची मजुरी, पुरुषाची मजुरी, त्या दिवशीचा डाळीचा भाव. बाई आणि पुरुष असे रकाने वेगळेच ठेवा, दोन्हींची सरासरी काढू नका. उक्तं काम असेल तर एकूण पैसे भागिले माणसं भागिले दिवस करून रोज काढा.

वर्षभराने सगळ्या गटांची पानं ग्रामसंघात एकत्र मांडू. एकटी बाई मजुरी वाढवून मागते तेव्हा "परवडत नसेल तर येऊ नको" असं ऐकून परत येते. दहा गटांच्या वह्या हातात असल्या, तर निदान बोलणं आकड्यांवर होईल.

पुढच्या बैठकीला वही आणायला विसरू नका.