उशी तुझ्या मापाची घे

अगं, सकाळी उठलीस की मान एका बाजूला वळतच नाही, दोन-तीन तासांनी हळूहळू सुटते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तू म्हणतेस, "झोपेत अवघडली असेल." एखाद्या दिवशी अवघडली तर समजू शकते. बाम चोळावा, गरम पाण्याच्या पिशवीने शेकावं आणि कामाला लागावं. पण आठवड्यातून तीन-चार सकाळी मान धरत असेल आणि दिवस चढेल तशी मोकळी होत असेल, तर ती रात्रभर काय सोसते ते बघायलाच हवं. म्हणून आज तुझ्याशी उशीबद्दल बोलायचं ठरवलंय.

आपल्या घरांत उशी येते कशी, आठव जरा. नवी गादी घेतली की तिच्याबरोबर दोन उशा येतात. पाहुण्यांना लागतील म्हणून आणखी दोन भरून घेतो. अभ्रे चादरीशी जुळणारे हवेत, एवढंच आपण बघतो. मग रुंद खांद्यांचा नवरा, कृश झालेल्या सासूबाई, पाचवीतला मुलगा आणि तू, सगळे एकाच मापाच्या उशीवर झोपता. त्यातही बाईमाणूस वाट्याला येईल ती उशी घेतं. "मला ही उंच होते" एवढं सांगायचासुद्धा आपल्याला संकोच वाटतो. चष्मा आपण दुसऱ्याचा घालत नाही, आपल्या नंबरचा करून घेतो. उशीही तशीच आपली आपल्याला लागते. कापूस घ्यायचा की फोम हे नंतर बघू. आधी उंची बघायची, आणि ती ठरते तुझ्या खांद्यावर आणि तू कशी झोपतेस त्यावर.

हे असं का, ते सांगते. मानेत ७ मणके असतात आणि त्यांना पुढच्या बाजूला हलका बाक असतो. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो. दिवसभर ते मानेचे स्नायू तोलून धरतात, रात्री ते काम उशीने करायचं असतं. उताणी झोपलीस आणि उशी उंच असली, तर हनुवटी छातीकडे येते. कुशीवर असताना उशी पातळ असली, तर डोकं गादीकडे कलतं आणि फार उंच असली, तर उलट्या बाजूला. एका बाजूचे स्नायू ताणलेले आणि दुसऱ्या बाजूचे आखडलेले, असे सहा-सात तास जातात. सकाळी मान कुरकुरणारच.

आता तू कशी झोपतेस ते नीट बघ. झोप लागते ती बाजू आणि जाग येते ती बाजू, दोन्ही लक्षात ठेव. कुशीवर झोपणाऱ्याला जरा उंच आणि भरीव उशी लागते, कारण कान आणि गादी यांच्यामध्ये अख्खा खांदा असतो. ते अंतर उशीने भरून काढायचं. बहुतेकांना डोकं टेकल्यावर १० ते १५ सेंटीमीटर उंची पुरते. उताणं झोपणाऱ्याला त्याहून कमी, साधारण ७ ते १० सेंटीमीटर. तिथे डोक्याखाली पातळ आणि मानेच्या खळगीखाली थोडी भर, अशी उशी बरी पडते. पालथं झोपायची सवय असेल तर ती हळूहळू सोड, असंच मी सांगेन. पालथं झोपलं की श्वासासाठी मान पूर्ण एका बाजूला वळवावी लागते आणि तशीच राहते. ही सवय एका रात्रीत जात नाही. तोवर अगदी पातळ उशी घे, आणि कुशीवर झोपताना पोटाशी एक लोड धर. त्याला कवटाळून झोपलं की पालथं व्हायला होत नाही, वरचा खांदाही पुढे ओढला जात नाही. गुडघ्यांमध्ये एक छोटी उशी ठेवलीस तर कंबरेलाही आराम पडेल.

बाजारात जाण्याआधी घरच्या घरी माप काढ. एक पातळ उशी घे आणि दोन-तीन अंघोळीचे टॉवेल. टॉवेलची सपाट घडी करून उशीखाली घाल आणि रोजच्या कुशीवर रोजच्याच गादीवर पड. कुणाला तरी मागच्या बाजूने तुझा फोटो काढायला सांग. डोक्याचा मागचा भाग, मानेचा मणका आणि पाठीचा कणा एका सरळ रेषेत दिसायला हवेत. मान गादीकडे झुकली असेल तर टॉवेलची एक घडी वाढव, वर उचलली गेली असेल तर कमी कर. जुळलं असं वाटलं की त्या उंचीवर तीन-चार रात्री झोपून बघ, कारण पाच मिनिटांत बरं वाटलेलं रात्रभर बरं वाटेलच असं नाही. पटलं की डोकं टेकलेलं असतानाच कानाखालून गादीपर्यंत पट्टी लावून उंची मोज. हे माप तुझं. दुकानातल्या लेबलवर असते ती रिकाम्या उशीची उंची, डोकं ठेवल्यावर ती दबते. मऊ उशी जास्त दबते, हे लक्षात ठेव.

हे माप रोजच्या गादीवरच का, तेही ऐक. गादी जाड आणि मऊ असली तर खांदा आत रुततो आणि उशी कमी लागते. घट्ट कापसाची गादी असली किंवा जमिनीवर सतरंजी घालून झोपत असलीस, तर खांदा वरच राहतो आणि उशी जास्त लागते. माहेरी छान वाटणारी उशी तुझ्या घरी टोचते, ती बऱ्याचदा यामुळेच. गादी बदललीस की उशीचं माप पुन्हा बघ.

आता उशीत काय भरलंय ते. साध्या कापसाच्या उशीला मी तरी अजून नावं ठेवणार नाही. गादीवाल्याकडे जाऊन "यातला थोडा कापूस काढा" किंवा "कडेला जरा भरा" असं सांगता येतं, आणि तुझ्या मापाची उशी तुझ्यासमोर तयार होते. पण कापूस दबतो, त्याचे गोळे होतात. मधोमध खळगा पडला की ती उशी पुन्हा पिंजून घ्यायलाच हवी. सावरीचा कापूस फार हलका आणि मऊ असतो, डोकं त्यात खोल जातं. उताणं झोपणाऱ्याला तो चालून जाईल, कुशीवर झोपणाऱ्याला आधार कमी पडेल. फायबरची उशी स्वस्त असते, धुताही येते, पण वर्ष-दोन वर्षांत बसते. ती मधोमध दुमडून सोडून बघ. झटकन उघडली नाही तर तिचं काम संपलं.

मेमरी फोमची उशी दाखवताना दुकानदार नासाचं नाव घेईल. ते खरं आहे. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत नासाच्या कामातून, विमानातल्या आसनांसाठी हा फोम तयार झाला. तो अंगाच्या उबेने मऊ होतो आणि डोक्याचा आकार घेतो. थंडीत मात्र सुरुवातीला कडक वाटतो आणि उन्हाळ्यात मान तापते. नवी उशी उघडल्यावर तिला एक वास येतो, म्हणून दोन-तीन दिवस वाऱ्यावर ठेवून मगच वापरायला घे. लेटेक्सची उशी रबराच्या चिकापासून बनते, तिला उसळी चांगली असते आणि ती बरीच टिकते, पण महाग पडते. एक कड उंच आणि मध्ये खोल अशी 'सर्व्हायकल' उशी पुष्कळांना मानवते. पण तिचीही उंची तुझ्या मापाशी जुळली नाही, तर नाव सर्व्हायकल असूनही ती तुझी मान दुखवणारच. किमतीवरून उशी चांगली की वाईट हे ठरवू नकोस.

दुकानात उशी नुसती हाताने दाबून घेऊ नकोस. "जरा झोपून बघते" म्हण आणि पाच-दहा मिनिटं कुशीवर पड. लाजू नकोस, यात लाजण्यासारखं काही नाही. ऑनलाइन घेतलीस तर परत करता येते का, हे आधी वाच. नवी उशी अंगवळणी पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात, पण रोज दुखणं वाढत गेलं तर थांब, ती तुझी नव्हे. झोपताना खांदा उशीवर चढवू नकोस. उशीवर डोकं आणि मान, खांदा गादीवर. कापसाची उशी अधूनमधून उन्हात घाल, पावसाळ्यानंतर तर नक्कीच. फोम आणि लेटेक्सला कडक ऊन सोसत नाही, त्यांना सावलीत वारा लागू दे.

आणखी एक, आणि यात मी मोठी बहीण म्हणून जरा हट्ट धरणार. दोन उशा एकावर एक रचून मोबाइल बघत पडणं बंद कर. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणित मांडलं होतं की मान ६० अंश पुढे झुकवली, तर तिच्यावरचा भार सुमारे २७ किलोपर्यंत जातो. उशांवर रेलून पडल्यावर हा आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही, पण मान वाकलेलीच राहते. निजायच्या आधी तासभर असं पडून राहिलीस, तर कितीही चांगली उशी आणलीस तरी तिचा उपयोग होणार नाही.

उशीने सगळी दुखणी जात नाहीत, हेही सांगून ठेवते. हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, पकडलेली वस्तू हातातून सुटत असेल, तर उशा बदलत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव. पडल्यावर किंवा अपघातानंतर मान दुखायला लागली, किंवा तापाबरोबर मान कडक झाली, तर त्याच दिवशी जा. नुसती आखडण्याची तक्रार दोन-तीन आठवड्यांत कमी झाली नाही, तर फिजिओथेरपिस्टला गाठ, ते तुझ्या मानेला साजेसे व्यायाम शिकवतील.

घरातल्या सगळ्यांच्या पथ्यपाण्याचं तू बघतेस. आईंना चहात साखर किती आणि मुलाच्या दप्तराचं ओझं किती, हे तुला तोंडपाठ असतं. तुझ्या मानेचं माप मात्र तुझ्याशिवाय दुसरं कुणी काढणार नाही. म्हणून आज रात्री टॉवेल आणि पट्टी घेऊन बस, माप काढ आणि येत्या रविवारी तुझी उशी घेऊन ये. ती तुझ्या एकटीसाठी आहे, हे घरात मोकळेपणाने सांग. तेवढा हक्क तुझा आहेच.

तुझी,
ताई