डिझेल गाडीचा मॅनिफोल्ड : सफाई करा, छेडछाड नको

आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांची रोजी गाडीच्या चाकांवर चालते. कोणी टुरिस्ट गाडी चालवतो, कोणी कापडाचे गठ्ठे वाहतो, कोणी गॅरेज चालवतो. डिझेल गाडी जुनी झाली, पिकअप कमी झाला, काळा धूर येऊ लागला, की मालक इंजिन खोलण्याच्या विचाराने घाबरतो. पुष्कळदा इंजिन ठीक असते. त्याला हवा पुरवणारा इनटेक मॅनिफोल्ड आणि त्याजवळचा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने तुंबलेला असतो.

काजळी येते कोठून?

ईजीआर व्हॉल्व्ह जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा हवेच्या वाटेत सोडतो. त्यामुळे ज्वलनाचे तापमान खाली राहते व नायट्रोजन ऑक्साईड हा घातक वायू कमी तयार होतो. त्या वायूसोबत काजळी येते. दुसरीकडून इंजिनच्या ब्रीदरमधून तेलाची वाफ येते. दोन्ही मिळून डांबरासारखा थर बसतो व हवेची वाट अरुंद होते. रविवार पेठ, भवानी पेठ, कॅम्प अशा गर्दीत थोड्या अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापत नाही. तिच्यात हा थर लवकर साचतो.

पुण्याजवळ रांजणगावच्या फियाट कारखान्यात १.३ लिटरचे डिझेल इंजिन तयार होत असे. फियाट पुंटो, लिनिया, टाटा इंडिका व्हिस्टा या गाड्यांना ते बसवले जाई. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि ते इंजिन बंद झाले. तरी त्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत. अशा गाडीवाल्यांनी हे काम समजून घ्यावे.

सफाईची रीत

१) इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. सेन्सरच्या जोडण्या काढण्यापूर्वी त्यांचा फोटो घ्यावा.

२) मॅनिफोल्ड उतरवून बाहेर साफ करावा. इंजिनवरच राहू देऊन आत भरपूर द्रव फवारू नये. द्रव दाबला जात नाही. तो सिलिंडरमध्ये साचला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

३) हेडची उघडी तोंडे घट्ट विणीच्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने बंद करावीत. कापडाचे तुकडे मोजून घालावेत व मोजून काढावेत. काजळीचा खडा आत पडला तर नुकसान मोठे होते.

४) लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने थर खरवडावा, मग डिग्रीझर वापरावे. ॲल्युमिनियमच्या भागाला कॉस्टिक सोडा लावू नये, तो धातू खातो. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डला आच देऊ नये.

५) भाग पूर्ण सुकवावा. आत राहिलेले ज्वलनशील द्रव डिझेल इंजिनमध्ये इंधनासारखे जळते आणि इंजिन आवरेनासे होऊ शकते.

६) पॅकिंग नवे घालावे. नट कंपनीने सांगितलेल्या क्रमाने व जोराने आवळावेत.

हातमोजे व मास्क वापरावेत. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे. घाण द्रव गटारात ओतू नये. ते शेवटी मुठा नदीतच जाते.

ईजीआर बंद करावा का?

सफाईला गाडी नेली की काही मिस्त्री सल्ला देतात, “प्लेट टाकून ईजीआर बंद करा, पुन्हा काजळीच नको.” काजळी कमी होते हे खरे. पण ज्वलनाचे तापमान वाढते व नायट्रोजन ऑक्साईड वाढतो. हा वायू फुप्फुसांना त्रास देतो. शिवाय नव्या गाड्यांत कॉम्प्युटर दोष पकडतो, चेक लाईट लागते आणि कधी ताकदही कमी केली जाते.

खरी फसगत पुढे आहे. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीचा फक्त धूर किती दाट आहे ते पाहतात. नायट्रोजन ऑक्साईड तेथे मोजत नाहीत. तो मोजण्याची साधने कोथरूडच्या एआरएआयसारख्या संस्थेकडे असतात. म्हणून प्लेट टाकलेली गाडीही पीयूसीत पास होऊ शकते. कागद साफ, हवा मात्र खराब! तिचा त्रास रिक्षावाल्याला, फुटपाथवरच्या विक्रेत्याला आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना होतो.

कापडाच्या धंद्यात जादा खळ दिलेले कापड हाताला भरदार लागते, पहिल्या धुण्यातच त्याचा दम निघतो. प्लेट टाकलेली गाडी काही न सांगता विकणे हा त्याच जातीचा व्यवहार आहे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांना आत ओल लागली. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर ठेवायला हवे होते, असे त्यांनी विक्रेत्याला बजावले. ‘सहीह मुस्लिम’मधील ही हदीस धान्यापुरती नाही.

तेव्हा मिस्त्रीने काढलेला थर स्वतः पाहावा, ईजीआर व्हॉल्व्ह साफ करून पुन्हा चालू अवस्थेत बसवून घ्यावा आणि बिलावर कामाचा तपशील लिहून मागावा. जुनी गाडी घेताना प्लेट टाकली आहे का, हे विचारावे. विकताना न विचारता सांगावे. मधूनमधून गाडी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास चालवावी. गॅरेजवाल्या बांधवांनी सफाईचे योग्य दाम जरूर घ्यावे, पण प्लेट टाकण्याचे काम नाकारावे. धंद्याची बरकत अशा नकारातही असते.