सभेची वेळ आणि संगणकीय सहायक

कागल तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीने १ मे रोजी सकाळी ११ वाजता ग्रामसभा घेण्याचे ठरविले व तिची नोंद दिनदर्शिकेत करण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाकडे सोपविले, असे समजू. नोंदीचे साधन कसे वापरावे याचे जे लेखी वर्णन सहायकाला दिलेले असते, त्यावरच तो विसंबतो. म्हणून वर्णनातील उणीव थेट सभेला भोवते.

‘०१-०५’ हा दिनांक आपल्याकडे १ मे, तर अमेरिकेत ५ जानेवारी असा वाचला जातो. यास्तव आधी वर्ष, मग महिना व शेवटी दिवस हा आंतरराष्ट्रीय क्रम वर्णनात नमूद करावा. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. तिचा उल्लेख राहून गेल्यास ११ ची सभा दुपारी ४.३० ला नोंदली जाऊ शकते. ग्रामसभेच्या गणपूर्तीस १५ टक्के अथवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. चुकीच्या वेळेमुळे ती न भरल्यास सभा तहकूब होते.

प्रत्येक नोंदीस स्वतंत्र ओळखक्रमांक असावा, म्हणजे तीच विनंती पुन्हा गेली तरी दुसरी नोंद होणार नाही. वेळ संदिग्ध असल्यास सहायकाने तर्क न करता विचारावे व निमंत्रणे धाडण्यापूर्वी सरपंचांची संमती घ्यावी, हेही स्पष्ट लिहावे. नोंद यंत्राने केली, तरी सभेची जबाबदारी माणसाचीच राहते.